विचारायचं राहून गेलेलं

४ मे

प्रिय दादा,

नमस्कार. खरं तर साष्टांगच घालायला हवा, पण गुडघे आता ऐकत नाहीत. कागदावर घातला असं समज. वहिनीचा खोकला गेला का? भाचीची परीक्षा संपली असेल. आणि तू बनवतोस त्या कवळ्या काय म्हणतात? त्या शीळ घालणाऱ्या आजोबांची गोष्ट मी इथे सगळ्यांना सांगितली. नव्या दातांनी शीळ वाजेना म्हणून माणूस तीनदा परत येतो आणि तू तीनदा दात घासून देतोस! पोरं हसून हसून लोळली.

पोरं म्हणजे शिबिरातली. सुट्टीतलं नाट्यशिबिर सुरू झालंय. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, रोज सकाळी आठ ते बारा, चार आठवडे. तीन कॉलेजांतली सोळा मुलंमुली आहेत. खुर्च्या भिंतीला रचायच्या, चपला बाहेर काढायच्या, फरशीवर खडूने रंगमंच आखायचा. खाली वाचणारे लोक बसतात, त्यामुळे उड्या मारायच्या त्याही मांजरासारख्या. ग्रंथपाल दिवसातून दोनदा वर येऊन नुसते उभे राहतात. बोलत नाहीत. त्यांच्या उभं राहण्यातच सगळा ओरडा असतो.

पहिल्या दिवशी आरशाचा खेळ घेतला. एकाने हालचाल करायची, समोरच्याने त्याचं प्रतिबिंब व्हायचं. एक ताडमाड मुलगा आहे, लंबू. त्याच्यासमोर एक ठेंगणी मुलगी आली, त्याच्याकडे खालून वर बघितलं आणि सरळ स्टूल आणून त्यावर चढली. त्याच क्षणी मी ओळखलं, ही वेगळी आहे. सगळे तिला भिंगरी म्हणतात. अठरा वर्षांची आहे. दोन मिनिटं कुणाला बघितलं की तो माणूस तिच्या अंगात शिरतो.

परवा मी त्यांना घरातलं एक माणूस आणायला सांगितलं. म्हणजे ते माणूस कसं बसतं, कसं उठतं, पाणी कसं पितं. भिंगरीने आई आणली. तिच्या आईला तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात आणि अर्धा चेहरा गेला, बोलणं जड झालं. पोरीने खुर्चीवर बसून फक्त पाण्याचा पेला उचलला. तोंडाची एक बाजू खाली ओघळली, पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं आणि तिने त्या वाकड्या ओठांनी "काही नाही, काही नाही" असं म्हटलं. आधी सगळे हसले. मग हसणं आपोआप बंद पडलं.

मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, हे समारोपाच्या प्रयोगात घ्यायचं म्हणजे घ्यायचंच.

प्रयोग अठ्ठावीसला आहे. सगळ्यांचे घरचे येतील. तिची आईही येईलच. येईना का! चांगलं काम आहे, त्यात लपवण्यासारखं काय? पण परवापासून मला एका जागी बसवत नाही. हे पत्र लिहितानाही तीनदा उठले. एकदा गॅस बघायला, एकदा दाराची कडी बघायला, आणि एकदा कशाला ते आता आठवत नाही.

फोनच करणार होते, पण तुला फोन नको असतो. अठ्ठावीसला येशील का? सहज विचारते.

वहिनीला नमस्कार, भाचीला पापा.

तुझी,
टकळी


१६ मे

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. सगळ्या मिळून चार ओळी. वहिनीचा खोकला बरा, भाची पास, प्रयोगाला जमणार नाही. आणि चौथी ओळ: "त्या मुलीच्या आईला विचारलंस का?"

खरं सांगू? राग आला. म्हटलं, हा माणूस नाटकाला फिरकत नाही आणि वरून प्रश्न विचारतो. लगेच उत्तर लिहायला बसले. कलावंताला आजूबाजूचं जगच वापरावं लागतं, असं बरंच काही खरडलं. वाचून बघितलं तर स्पर्धेतल्या भाषणासारखं झालं होतं. फाडून टाकलं. फोन उचलला, तुझा नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. फोनवर तू आणि मी म्हणजे... जाऊ दे.

दोन दिवस तालमीत माझं लक्ष नव्हतं. लंबूच्या जागी दुसऱ्याला ओरडले. भिंगरी तो पेल्याचा प्रवेश दिवसेंदिवस धारदार करत होती आणि तो चालू झाला की मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे. शेवटी सोमवारी शिबिर सुटल्यावर तिला म्हटलं, "चल, तुझ्या घरी येते." तिचा चेहरा उतरला. "कशाला, ताई?" म्हटलं, "आईला भेटायला."

बस स्थानकाच्या मागच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आई नुकतीच कामावरून आली होती. दादा, ती बाई वीस वर्षं स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे, तो आवाज तिचा. झटक्यानंतर तिला मागच्या खोलीत फायली लावायला बसवलंय. मी या गावात पंधरा वर्षं तिचा आवाज ऐकत होते आणि तो कधी बदलला हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मी आडवळणं घेतली नाहीत. सांगितलं, तुमच्या मुलीने तुमचं पाणी पिणं बसवलंय, फार उत्तम बसवलंय, लोकांपुढे करायचा विचार आहे, तुमची परवानगी हवी.

ती मुलीकडे बघून म्हणाली, "दाखव."

"आत्ता?"

"मग कधी? तिकीट काढून बघू?"

भिंगरी खुर्चीवर बसली. पेला उचलला. मी कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. करून झाल्यावर आईने डाव्या हाताने तिच्याकडून पेला काढून घेतला. मग हळूहळू, एकेक शब्द जुळवत बोलली. तो प्रत्येक शब्द मला पाठ झालाय.

"छान करतेस. अगदी मीच. लोक हसले तर त्याचं मला काही नाही, लोक रस्त्यातही बघतात. माझं हे तोंड मला आरशात रोज दिसतं, त्याची सवय झालीये. पण तुझ्या तोंडावर ते मला बघवत नाही. नको करूस."

एवढंच. मग मला म्हणाली, "तुम्ही चहा घ्या. आणि बरं झालं विचारलंत."

भिंगरी उठून आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. मी चहा घेतला, जिना उतरले आणि उलट्या दिशेने बरीच चालत गेल्यावर लक्षात आलं की घर दुसरीकडे आहे.

प्रयोगाला बारा दिवस आहेत. सगळ्यात चांगला प्रवेश गेला. तुला हे का कळवते आहे ते मला माहीत आहे, आणि ते तुलाही माहीत आहे. आज एवढंच लिहिता येतंय.

तुझी,
टकळी


३० मे

दादा,

आज मायना नाही, खुशालीही विचारत नाही. ती विचारत बसले की पान भरतं आणि मी सुटते.

आधी इथलं सांगते. भिंगरी दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली ती सगळ्यांच्या आधी. मी खडूने चौकोन आखत होते. ती दारातूनच म्हणाली, "तुम्ही विचारलंत कशाला?"

मी म्हटलं, "तिचं होतं. विचारायला नको?"

"नाही विचारलं असतं तर ती आली असती, खुर्चीवर बसली असती, सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या असत्या. एवढ्या लोकांत काय बोलणार होती ती? नंतर मी विचारलं असतं, आवडलं ना? तर हो म्हणाली असती. संपलं असतं!"

माझ्या हातातला खडू मोडला. मी खालीच बसले, फरशीवर. पोरगी घाबरली, पाणी आणायला धावली. तिला वाटलं मला काही झालं. झालंच होतं, पण ते बत्तीस वर्षांपूर्वी.

आता लिहिते. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आपण दोघांनीही याचा उच्चार केलेला नाही.

तू मला एकदा सांगितलं होतंस की नोकरीच्या मुलाखतीला जाताना तिकिटाच्या खिडकीशी तुझा शब्द अडकला. गावाचं नाव तोंडातून निघेना. मागची रांग ओरडायला लागली. म्हणून तू ज्या गावाचं नाव म्हणता येत होतं त्या गावाचं तिकीट काढलंस, तिथे उतरलास आणि पुढचे अकरा किलोमीटर उन्हातून चालत गेलास. मुलाखत हुकली. घरी तू गाडी चुकली असं सांगितलंस. खरं फक्त मला सांगितलंस, गच्चीवर कपडे वाळत घालताना, तोंड चादरीआड लपवून. त्या चादरीआडून बोलताना तू एकदाही अडखळला नव्हतास.

आणि मी ते आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत केलं. तिकिटाची खिडकी, अडखळणारा तरुण, ओरडणारी रांग. तुझी मान कशी मागे जाते, डोळे कसे मिटतात, उजव्या हाताची बोटं मांडीवर ताल कसा धरतात, सगळं. हॉल हसून फुटायचा बाकी होता. मला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. नाटकाचं सामान तूच सायकलवर लादून आणलं होतंस, आणि तू तिसऱ्या रांगेत बसला होतास. मी रंगमंचावरून तुला टाळ्या वाजवताना बघितलं. त्या टाळ्यांना मी होकार समजले. समजले कसली, तसं मानून घेतलं. सोयीचं होतं.

त्यानंतर तू माझ्या एकाही नाटकाला आला नाहीस. मी कधी का म्हणून विचारलं नाही. तू पत्रांतून मला आजोबांच्या शिळेबद्दल लिहितोस, वहिनीबद्दल, भाचीबद्दल लिहितोस. स्वतःचं एक अक्षर लिहीत नाहीस. का लिहावंस? एकदा स्वतःचं सांगितलंस, तर मी ते चारशे लोकांपुढे नेऊन ठेवलं.

वय वीस होतं, असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आले. भिंगरी तर अठराचीच आहे.

अठ्ठावीसला प्रयोग झाला. भिंगरीने काय केलं ते सांगते. आदल्या दिवशी येऊन म्हणाली, "आईची नक्कल करणार नाही. माझंच करू?" म्हटलं, घरी विचार. ती म्हणाली, "विचारून आलेय." रंगमंचावर दोन खुर्च्या ठेवल्या. समोरची रिकामी, पेला तिच्यापुढे. ही इकडच्या खुर्चीवर. समोरचं कुणीतरी पाणी पितंय आणि ही बघतेय, एवढंच. तिचा हात मदतीला आपोआप उठायचा, अर्ध्यावर थांबायचा, मागे यायचा आणि दुसऱ्या हाताने ती तो मांडीवर दाबून धरायची. असं चारदा. चेहरा सरळ. कुणी हसलं नाही. तिची आई दुसऱ्या रांगेत होती. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवणं तिला जमत नाही. ती डावा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर आपटत होती, एवढ्या जोरात की त्या खुर्चीवरचे ग्रंथपाल दचकून मागे वळले.

मी विंगेत उभी होते. मला वाटलं होतं, हे बघून माझं मन निवेल. नाही निवलं. माझ्या हातून तिच्या बाबतीत चुकलं नाही ते तू विचारलंस म्हणून. तुझ्या बाबतीत चुकलं ते अजून तसंच पडून आहे.

दादा, मी माफी मागत नाही. मागितली तर तू "असू दे" लिहिशील आणि पुन्हा चार ओळींवर येशील. मला एकच गोष्ट विचारायची आहे.

त्या दिवशी बक्षीस घेऊन मी आत आले तेव्हा तू रंगपटाच्या दारात उभा होतास. तू काहीतरी म्हणायला लागलास. "तू... तू..." असं दोनदा झालं, पुढचा शब्द अडकला. मागून मैत्रिणी हाका मारत होत्या. मला घाई होती. मी तुझ्या दंडाला धरून म्हटलं, "आवडलं ना?" तू माझ्याकडे बघितलंस आणि मान हलवलीस. तुझं वाक्य मी पुरं केलं आणि निघून गेले.

तू काय म्हणणार होतास?

लिहून कळव. ते जे काही असेल ते, कितीही वाईट असो. कितीही वेळ घे. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

तुझं बोलणं संपेपर्यंत थांबलेली,
तुझी धाकटी बहीण