पॉजवर ठेवलेलं रॉकेट

३१ ऑगस्ट १९९४, बुधवार
गोपाळकाल्याच्या लकी ड्रॉमध्ये मंडळाचं दुसरं बक्षीस लागलं. टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम. मंजुळाला तिसरं हवं होतं, कुकर. बायकोला लांबचं दिसत नाही.
लेक मालनने कॉलेजातून आल्यावर गेमचा डबा टीव्हीला जोडून दिला. कॅसेट एकच. एक रॉकेट डावीकडून उजवीकडे जातं, समोरून येईल त्याला गोळ्या घालायच्या. सात स्टेज. बस.
मी साचेखात्यातला माणूस, साचा म्हणजे कापड विणायचा माग. गिरणीत एकट्याने चार साचे चालवलेत. सुताचा धोटा इकडून तिकडे कसा पळतो, हे मला कोणी शिकवू नये.
अंदाज : रविवारपर्यंत गेम खलास.

१ सप्टेंबर
पहिल्या स्टेजमध्ये अकरा वेळा मेलो. कारण बटणं नवीन आहेत, कडक आहेत. शिवाय मालन सांगते, लाल गोळी घ्यायची, निळी घ्यायची नाही. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. हा अन्याय आहे.
दुपारी शेजारचे अप्पा येऊन बसले. गिरणीत माझे जॉबर. साचा बिघडला की हेच दुरुस्त करायचे. चाळीत संपावर आता आम्ही दोघंच उरलो. बाकीच्यांनी कुठे कुठे नोकऱ्या धरल्या. पण संप मागे घेतला असं आजपर्यंत कोणीही जाहीर केलेलं नाही. मी रोज पेपर बघतो. ब्याऐंशी साली अप्पांनी आणि मी मारुतीसमोर नारळ ठेवून शपथ घेतली होती की संप मागे घेतल्याशिवाय दुसरीकडे नोकरी धरायची नाही. मंजुळा जेवणाचे डबे करते, तो तिचा प्रश्न.
अप्पांनाही एकदा खेळायला दिलं. दोन प्लेयरची सोय आहे. लगेच मेले. जॉबर लोकांना स्वतः साचा चालवायची सवय नसते.

२ सप्टेंबर, संध्याकाळ
मंजुळाचा भाऊ महादेव आला. फणसवाडीत एका बिल्डिंगला लिफ्टमन हवाय म्हणे. सोसायटीचे सेक्रेटरी मनमोहन विजयकर, त्यांच्याच ऑफिसात महादेव शिपाई आहे. म्हणाला, भावजी, वीस तारखेपर्यंत जागा धरून ठेवतो, त्यापुढे माझ्या हातात नाही.
मी सांगितलं, मी आडव्या कामातला माणूस. उभं वर-खाली जायचं काम मला जमायचं नाही.
अप्पा बसलेच होते. त्यांनी महादेवला विचारलं, लिफ्ट जाळीच्या दाराची काय? आत बसूक स्टूल आसता काय? माणूस फार खवचट. मला हसू आवरेना.
मंजुळा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पोळपाटावरचं पीठ झटकत म्हणाली, बारा वर्षं थांबले, अजून किती थांबायचं त्याची तारीख तरी सांगा.
तारीख मागितली की मी मागे हटत नाही. म्हटलं, हा गेम संपवतो आणि दुसऱ्या दिवशी फणसवाडीला जातो. अप्पा साक्षीला. दिलेला शब्द.
तोपर्यंत संपाचा काहीतरी निकाल लागेलच.

५ सप्टेंबर
रविवार गेला. स्टेज दोन.
स्टेजच्या शेवटी एक मोठं धूड येतं. मालन त्याला बॉस म्हणते. मी त्याला आमच्या खात्याचा साहेब, वीव्हिंग मास्तर म्हणतो. तसंच तोंड, तसाच रस्ता अडवून उभा. त्याच्या बरोबर मध्ये मारावं लागतं.
अडचण अशी की गेम बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. हे मला पटत नाही. गिरणीत पाळी बदलायची, साचा थांबत नव्हता. विचार केला आणि उपाय सापडला. मधलं बटण दाबलं की सगळं जागच्या जागी थांबतं. बंद करायचंच नाही. जेवायला जाताना पॉज. झोपताना पॉज. सकाळी पुढे.
एवढी साधी गोष्ट या पोरांना सुचली नाही.

७ सप्टेंबर
स्टेज तीन. डबा तापतो. पाटावर ठेवून टेबल फॅन त्याच्यावर सोडलाय. मंजुळा घामाघूम होऊन पोळ्या लाटते. म्हटलं, गिरणीतही आधी मशीन, मग माणूस. तिने पदराने घाम पुसला. पटलं असावं.
टीव्हीवर पुठ्ठा लावला : काम चालू आहे. हात लावू नये.
मालन तो वाचून बराच वेळ हसत होती. का, ते सांगितलं नाही.

९ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
चाळभर माणसं. प्रत्येक पाहुणा आधी गणपतीला नमस्कार करतो, मग पुठ्ठा वाचतो, मग मंजुळाकडे बघतो. स्टेज चार. अप्पा दिवसभर मागे बसून, वर घे, खाली घे. मधेच विचारलं, धर्मा, फणसवाडीची ती जागा भरली काय रे? म्हटलं, भरली तर भरली. अप्पा म्हणाले, बरां.
जुना माणूस, पण टिकून आहे. असा एक जरी सोबत असला तरी संप चालतो.

१२ सप्टेंबर
काळा दिवस. संध्याकाळच्या आरतीला मंडळाने नवी फिरती लाइटिंग लावली आणि चाळीचा फ्यूज उडाला. पाचव्या स्टेजला होतो. सात दिवसांचं काम पाण्यात.
खाली जाऊन मंडळाच्या दगडूला झापलं. तो म्हणाला, काका, लाइट बाप्पासाठी की रॉकेटसाठी? लोक हसले. घरात दिवा आला तेव्हा रॉकेट पहिल्या स्टेजला, नवं कोरं.
मंजुळाने विचारलं, आता? म्हटलं, आता काय, शब्द तोच. म्हणाली, वीस तारीख पण तीच.
रडू आलं. गेमसाठी नव्हे. डोळ्यात लाइटिंगचा धूर गेला होता.

१५ सप्टेंबर
पुन्हा स्टेज चार, तेही तीन दिवसांत. अनुभव म्हणतात तो हा. अप्पा दोन दिवस फिरकले नाहीत. त्यांची बायको शेवंती म्हणाली, गुडघे धरलेत. पण संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जिना चढताना दिसले. डॉक्टरकडे गेले असतील. हल्ली डॉक्टरकडे जातानाही लोक नटतात.

१८ सप्टेंबर, रविवार, दुपारी ३.४०
संपवला!!
सातवी स्टेज. शेवटचा मास्तर अख्ख्या स्क्रीनएवढा. माझं एकच रॉकेट शिल्लक. सुताची तार तुटली की साचेवाला घाबरत नाही, शांतपणे गाठ मारतो. तसा वाट बघत राहिलो. त्याने मधलं झाकण उघडलं आणि मी मारलं. फुटला. अक्षरशः फुटला. बारा वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता.
बघायला कोणी नव्हतं. मंजुळा डबे पोचवायला करी रोडला, मालन मैत्रिणीकडे. अप्पांचं दार वाजवलं, कुलूप.
परत येऊन बघतो तर रॉकेट डावीकडून निघालंय. स्टेज एक. समोरचे दुप्पट वेगाने येतायत. दहा सेकंदांत मेलो.

१८ सप्टेंबर, संध्याकाळी
मालन म्हणाली, बाबा, या गेमला शेवट नसतोच, फिरून पहिल्यापासून चालू होतो.
मी मंजुळाला समजावलं की गेम संपतच नाही, तेव्हा माझा शब्द मोडला असं म्हणता येणार नाही. कायद्याने मुद्दा बरोबर आहे.
तिने पुठ्ठा काढला, त्यावर भाजी निवडली.

२० सप्टेंबर, मंगळवार
गणपती गेले. आज सकाळी मंजुळाने इस्त्रीचा शर्ट खाटेवर काढून ठेवला होता. मी नुसती जागा बघून यायला फणसवाडीला गेलो. बघण्यात नोकरी धरली असं होत नाही.
बिल्डिंग जुनी, जिना लाकडी. जाळीचं दार उघडून लिफ्टमनने विचारलं, कितवो माळो?
अप्पा. खाकी शर्ट, खांदे मोठे झालेले. शर्टाचे.
मी म्हटलं, तिसरा. सेक्रेटरी तिसऱ्यावर बसतात. अप्पांनी दार ओढलं. तिसरा आला. मी उतरलो नाही. खाली आलो. तरी उतरलो नाही. पुन्हा वर. अप्पा बटणाकडे बघत म्हणाले, गेल्या सोमवारपासून हंय आसंय. सेक्रेटरी वीस तारखेपर्यंत थांबाक तयार नाय होते. माका वाटलां तू काय येवचस नाय. मग थोड्या वेळाने म्हणाले, स्टूल आसा.
मी नारळाची आठवण काढणार होतो. पण त्यांचे गुडघे खरोखरच सुजले होते. मला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. बारा वर्षं मी त्यांच्या जिवावर संपावर होतो, हे आज कळलं.
उतरताना म्हणाले, रविवारी माझी सुट्टी. बदली लागतली. विचार कर.
मला! पर्मनंट साचेवाल्याला! गिरणीत बदलीवाले सकाळी गेटबाहेर उभे राहायचे, कोणाचा खाडा पडतो त्याची वाट बघत. आम्ही त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हतो.

२३ सप्टेंबर
टीव्हीवर मंजुळा सिनेमा बघते. गेम डब्यात, डबा माळ्यावर. फॅन तिच्याकडे.
नीट विचार केला. शपथ नोकरीची होती. बदली म्हणजे नोकरी नव्हे. संपाला कुठेही बाधा येत नाही.

२५ सप्टेंबर, रविवार
सकाळी सातला फणसवाडी. अप्पांचा खाकी शर्ट मला आखूड होतो. पहिल्या दोन माणसांना काही विचारायला तोंडच उघडेना, ते आपलं आपण बटण दाबून गेले. तिसऱ्या वेळी एक म्हातारी आली, हातात दुधाची पिशवी.
म्हटलं, आजी, कितवा माळा?
मंजुळाने डबा दिला होता. स्टुलावर बसून खाल्ला.