मांडा बेटावरची चार पिल्लं

सोमवार, ६ जानेवारी

सकाळी माझ्या गावाहून, सियूहून, पडावात बसले आणि दुपार कलता कलता लामू बेटाच्या धक्क्यावर उतरले. मला घ्यायला माणसं आली होती दोन, मांजरं चाळीस. लांब मानेची, काटकुळ्या पायांची, मासेमाऱ्यांच्या टोपल्यांसमोर अशी बसलेली, की जणू जावई पंगतीला बसलेत आणि वाढप्याला उशीर झालाय.

माझी नात तिमा इथल्या मांजरांच्या दवाखान्यात काम करते. दवाखाना खाली, ती वर राहते. नवरा जहाजावर, चार महिन्यांची झेना मांडीवर, आणि खालच्या खोलीत आईवेगळी पिल्लं. दोन्हीकडचं दूधपाणी एकटीला झेपेना, म्हणून म्हाताऱ्या न्यान्याची, आजीची, आठवण झाली. पिल्लं पाजायची आणि पणतीला सांभाळायचं, एवढंच काम. मी सात मुलं वाढवली आहेत. मांजराची पोरं निदान मोठी झाल्यावर उलट बोलत नाहीत.

डॉक्टर दर सोमवारी पलीकडच्या किनाऱ्यावरून येतात. त्यांचा हुकूम आहे की रोज वही लिहायची. कोण किती प्यालं, वजन किती, आणि काही वेगळं दिसलं तर तेही. मी शाळेची पायरी चढलेली नाही. समोरचा फमाऊ जन्मभर दारांवर नक्षी कोरत आला, आता ओट्यावर बसून गल्ली राखतो. दुपार उतरल्यावर, असरच्या नमाजानंतर, तो माझं बोलणं उतरवून घेणार आहे. मी बोलेन तेच लिहायचं, आपली अक्कल मधे घालायची नाही, अशी त्याला ताकीद दिली आहे. त्यानं ताकीदही लिहिली. म्हणजे कान ठीक आहेत त्याचे.

बुधवार, ८ जानेवारी

काम हाताला बसलं. सहा पिल्लं. दूध कोमट हवं, मनगटावर थेंब टाकून बघायचं, सुई नसलेल्या पिचकारीनं ओठाच्या कडेतून सोडायचं. मग ओल्या कापसानं ढुंगण पुसायचं, नाहीतर बेटे मुततसुद्धा नाहीत. पुरुषजात लहानपणापासून दुसऱ्याच्या भरवशावर. (फमाऊनं इथे माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.)

दवाखान्यात सुलताना नावाची पिवळी मांजरी आहे, तिची स्वतःची दोन पिल्लं आहेत. परकं पिल्लू तिच्या गळ्यात कसं मारायचं ते तिमानं दाखवलं. तिच्या पोरांच्या अंगावर फडकं चोळायचं आणि तेच परक्याच्या अंगावर फिरवायचं. सुलतानानं एकदा हुंगलं आणि परक्याला चाटायला लागली. आई वासानं ओळखते, तिमा म्हणाली, डोळ्यांवर तिचा विश्वास नसतो.

दुपारी झेनाला पोटावर घेऊन झोपले. ती रडकी आहे. माझ्यावर गेली आहे, असं तिमा म्हणते.

शनिवार, ११ जानेवारी

दगड काढणाऱ्यांनी मांडा बेटावरून गोणत्यात चार पिल्लं आणली. तिथल्या ओसाड गावात, पडक्या मशिदीमागच्या कोरड्या हौदात सापडली म्हणाले. त्या गावात कुणी सावलीलाही बसत नाही. दोघांनी गोणतं ठेवलं आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेले.

पिल्लं राखी. डोळे मिटलेले, नाळेचा वाळका तुकडा अजून पोटाला. म्हणजे तीन-चार दिवसांची. पण एकेक उचलायला दोन हात लागतात. तिमानं काट्यावर ठेवलं तर धक्क्यावरच्या बोक्याएवढं वजन. ती म्हणाली, काटा बिघडला. मग तिनं झेनाला ठेवून पाहिलं. झेनाचं वजन बरोबर निघालं.

सुलतानाचं फडकं त्यांच्यावर फिरवलं. तिनं लांबूनच हुंगलं, स्वतःच्या दोन पोरांना एकेक करून तोंडात धरलं आणि छपरावर निघून गेली. खाली आली नाही.

सोमवार, १३ जानेवारी

वारा सुटलाय, डॉक्टरांची बोट आली नाही.

चौघं दोन दिवस दूध तोंडात घेईनात. रडत नाहीत, नुसती घशातून घरघर करतात, भिंतीतून आल्यासारखी. मरतील असं वाटलं. आता जे केलं ते वहीत सांगते, तिमाला सांगितलेलं नाही. झेनाला गुंडाळतो ते बायकी कापड, पिवळा कांगा, दुधाच्या आणि बाळाच्या वासानं भरलेला, त्याच्यात चौघांना गुंडाळलं. घरघर थांबली. चौघं प्याली, पिचकाऱ्यांवर पिचकाऱ्या.

वर झेना आकांत करत होती. तिला त्या कांग्याशिवाय झोप येत नाही. मी झटकला आणि तिच्याभोवती गुंडाळला. विहिरीवर जाऊन धुवायला हवा होता. गुडघे दुखत होते.

आजवर कधी झोपली नाही अशी झोपली पोर.

गुरुवार, १६ जानेवारी

दोन गोष्टी.

पहिली. लाली बोटवाला सकाळी मासे देऊन गेला. काल दुपारी तो दगड काढणाऱ्यांना मांडावर सोडून रिकामी होडी परत आणत होता, तर होडीची मागची बाजू पाण्याला टेकत होती. मागे कुणी नव्हतं. त्यानं दोनदा वळून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं नाही. धक्क्याला लागल्यावर होडी एकदम वर उसळली. मी म्हटलं, ताडी कमी पी. तो हसला नाही.

दुसरी. आज जोहरनंतर, दुपारच्या नमाजानंतर, गल्लीत लोक आडवे होतात त्या वेळी, मी पिल्लांच्या खोलीच्या दारात बसले होते. समोरच्या ओट्यावर दहा-बारा मांजरं पसरलेली. एकाएकी सगळी उठली. भांडण नाही, फिस्कारणं नाही. मुकाट भिंतीवर चढली आणि छपरांवरून गेली. पाणी वाहणारं गाढव गल्लीच्या तोंडाशी अडलं, मालकानं पाठ सोलली तरी पाय टाकेना. मी उठून बघायला दहा पावलं गेले असेन.

परत आले तर मांडाच्या चौघांच्या पेटीत तीनच पिल्लं.

तिमा म्हणते, त्यांची आई आली असेल, बरंच झालं. मांजरी घर बदलते तेव्हा एकेक करून नेते. तिचं म्हणणं खरं आहे. मीही जन्मभर हेच पाहिलंय.

शनिवार, १८ जानेवारी

दुसरं गेलं. या वेळी तिघांना लोखंडी पिंजऱ्यात ठेवलं होतं, कडी लावून. कडी लावलेलीच आहे. आत दोनच पिल्लं.

भिंतीला कालच चुना दिला होता, उंबऱ्यावर थोडा सांडला होता, ओला. त्यात पंजा उमटलाय. फमाऊला बोलावून दाखवला. त्यानं आपला हात त्याच्यावर धरला. सुताराचा हात, रुंद. पंजाच्या बोटांना त्याची बोटं पुरली नाहीत.

फमाऊ म्हणतो, कुत्रं असेल. लामूत एवढं कुत्रं कुणी पाहिलंय का, मी विचारलं. त्यानं पंजावर पाणी ओतलं आणि खराट्यानं घासून काढला.

संध्याकाळी झेनाला तेल लावताना मानेमागे चार ठिपके दिसले. दोन इकडे, दोन तिकडे. रक्त नाही. चावल्यासारखे नाहीत. धरल्यासारखे.

रविवार, १९ जानेवारी

तिमाला सांगितलं. सगळं, कांग्यासकट. ती झेनाच्या दुपट्याची घडी घालत होती, हात थांबले तिचे.

"न्यान्या, तो कांगा मधे धुतला होतास ना?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"तुझ्या पोरीच्या अंगाला चौघांचा वास लागलाय, तिमा. ती चार न्यायला आलेली नाही. पाच न्यायला आली आहे."

ती मला वेडी म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

झेनाला तीनदा न्हाऊ घातलं. लिंबू, गुलाबपाणी, मग ऊदाची धुरी. कांगा उकळला. आम्ही दोघींनी हुंगला, साबणाचा वास येतो. पण आमच्या नाकाला काय कळतंय.

सोमवार, २० जानेवारी

मांडाची उरलेली दोन पिल्लं मी सकाळीच उंबऱ्यावर ठेवली, दार सताड उघडं. घेऊन जा बाई, तुझी तुला. वरच्या खोलीत कडी लावून झेनाला कुशीत घेऊन बसलो. जोहरनंतर खाली जड काहीतरी चालल्याचं फरशीतून कळलं. एक फेरी. थोड्या वेळानं दुसरी. मग शांत. उंबरा रिकामा.

मी रडले, इतकं हलकं वाटलं.

मग डॉक्टर आले, वारा पडला ना. त्यांनी वही वाचली, आधी हसले, मग पंजाच्या ठिकाणी थांबले. पण पुन्हा हसले. म्हणाले, न्यान्या, तुम्ही छान केलंत, आईकडेच पिल्लं वाढतात. आणि निघता निघता, सहज, चपला घालता घालता, म्हणाले की सगळी नेऊन झाली की मांजरी एकदा परत येते. काही मागे राहिलं का ते बघायला.

तिमा धावत वर गेली, झेनाकडे.

मंगळवार, २१ जानेवारी

झेना वर झोपली होती. पलंगावर, तिमा शेजारी. तिमाचा डोळा लागला, पाच मिनिटं म्हणते.

मी जिन्याखाली पाणी भरत होते.

झेना खालच्या पायरीवर होती.

चार महिन्यांचं मूल. कूस वळत नाही अजून. अंगावर ओरखडा नाही, पडल्याची खूण नाही. आणि रडत नव्हती. पाय पोटाशी घेतलेले, हात आत, मान सैल. मांजरीनं मानेला धरलं की पिल्लू जसं स्वस्थ लोंबतं — तशी. हसत होती.

मी वाटेत आले म्हणून खाली ठेवली तिनं. दार माझ्या पाठीशी होतं. मी वळले नाही. वळायला हवं होतं, पण माझ्या टाचांवर कुणाचा तरी श्वास —

फमाऊ म्हणतो, साठ वर्षं दारं केली, हिला अडवील असं एकही केलेलं नाही.

बुधवार, २२ जानेवारी

बोट ठरली. लालीची, मोटरची. तिमा आणि झेना पलीकडच्या किनाऱ्यावर, तिथून गाडीनं पुढे, जितकं लांब जाता येईल तितकं. जोहरच्या वेळीच निघायचं. भरती त्याच वेळी आहे, इलाज नाही.

पोरीला खाऱ्या पाण्यात बुचकळलं. तिचं एकही कापड बरोबर दिलं नाही. फमाऊच्या सदऱ्यात गुंडाळली, लाकडाच्या भुशाचा आणि तंबाखूचा वास. त्या वासाला कुणी आई फिरकायची नाही. (लिही, लिही. तुझ्या बायकोनंही हेच सांगितलं असतं.)

तिची बाकीची सगळी कापडं माझ्याजवळ आहेत. टोपडी, लंगोट, दुपटी. अंगाला चोळली, मानेला, केसांना. वरून पिवळा कांगा. सत्तर वर्षांचं पिल्लू. कुणी विचारलं तर सांगायचं, जरा उशिरा डोळे उघडले.

तिमा पाय धरून रडली. मी तिला रागावले. रागावले नसते तर ती गेली नसती.

लालीला सांगितलंय, होडी धक्क्यापासून सुटली की भोंगा वाजव. मोठ्यानं. मला ऐकू यायला हवा.

मी पेटीच्या खोलीत बसले आहे, जमिनीवर, दाराकडे पाठ करून. डोळ्यांनी बघितलं तर माझा धीर सुटेल. फमाऊ बाहेर खिडकीपाशी, गजांपलीकडे. त्याला जा म्हटलं, जात नाही. म्हणतो, वही पुरी व्हायला हवी. मग लिही बाबा.

बांग झाली. भोंगा नाही.

फमाऊ विचारतोय, ती आली नाही तर? नाही आली तर मला या अवतारात धक्क्यापर्यंत मिरवत ने.

भोंगा नाही अजून. काय करतोय तो लाली —

मांजरं उठली. ऐकतेय मी, कौलांवर पावलं. गेली सगळी.

फमाऊ, मान वर करू नकोस. तुझ्याशी तिचं काही काम नाही. लिही.

गल्लीत आहे. इथे वळली तर — धक्क्याकडे वळली तर — या अल्ला, इकडे, इकडे ये बाई, इथे आहे तुझं —

मी घरघर केली. त्या चौघांसारखी. हे लिहिलंस? लिही.

उंबऱ्यावर.

हुंगतेय. कांगा. माझे केस. गरम —

भोंगा का नाही —

चाटते आहे, फमाऊ. खरखरीत. माझ्या आईनंतर मला कुणी —

मान धरली. दुखत नाही. बिलकूल दुखत — पाय आपोआप पोटाशी —

थांब. ऐक. धक्क्यावरून — भोंगा! वाजला ना? तू ऐकलास ना, लिही, भोंगा वा