कागदाएवढं हाड

डोळखांब, १८ जानेवारी १९४२

सगळी कशी आहेत? — सून बाईजा बरी, भाजलेला हात सुकला. मुलगा बारकू लाकडं तोडायला रानात, तोही बराच असेल. म्हैस बरी. मी एका डोळ्याचा, पण बरा. नात रंगू तेवढी नाय. सर्दी मुरलीय. नाकातून पिवळं येतं, कपाळ धरून रडते.

२० जानेवारी

रंगूचा डावा डोळा सुजून बंद! अंग तव्यासारखं तापलंय. बाईजा म्हणे, "मामंजी, देवी आली." दाराला लिंबाचा पाला बांधला, चुलीवर फोडणी बंद. औषध द्यायचं नाय, देवी कोपते. मीही मान डोलावली.

माझा डोळाही असाच गेला, रंगूएवढाच होतो. आये मरेपर्यंत म्हणायची — पोराला देवी आलेल्या आणि मी मेली विसरून डाळीला फोडणी दिली, म्हणून डोळा गेला!

२१ जानेवारी

पोरीच्या अंगावर एक फोड नाय. नुसता डोळा, पिकल्या जांभळासारखा. ओकतेय, बरळतेय. मी गाडी जुंपली. बाईजा आडवी — "कोपली तर?"

"कोपू दे! माझा एक नेला ना तिनं? हिचा नाय द्यायचा."

मग तीच पोरीला मांडीवर घेऊन गाडीत बसली.

शहापूर, २२ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, ही देवी नाही. सर्दीचा पू नाकाच्या बाजूनं डोळ्यामागे शिरलाय. मधलं हाड कागदाएवढं. आणखी वर चढला असता तर मेंदूतच."

कागदाएवढं! आमच्या कुडाची भिंतही त्याहून जाड. आणि तेवढ्या आडोशाला देवानं माणसाचं बघणं ठेवलंय, समजणं ठेवलंय! दिवसभर स्वतःचं नाक चाचपत बसलो.

भुवईखाली चीर देऊन पू काढला. वर नव्या पांढऱ्या गोळ्या — लढाईमुळे मिळत नाहीत, जपून ठेवलेल्या म्हणे. डोळा राहील का? "बघू."

२३ जानेवारी

पोर निजून आहे. ताप आहेच. लिहवत नाय.

२६ जानेवारी

डोळा उघडला!! बाईजानं तिच्या चांगल्या डोळ्यावर हात धरला — "काय दिसतं गो?"

रंगू म्हणे, "आजाच्या नाकात पांढरे केस."

बाईजा हसता हसता खालीच बसली. मी बाहेर जाऊन बैलाच्या गळ्यात पडलो.

डोळखांब, २८ जानेवारी

निघताना डॉक्टरांनी माझं तोंड उजेडाकडे वळवलं. "देवीचा एक वण नाही, आजोबा. तुमचाही डोळा बहुतेक सर्दीनंच गेला."

घरी येऊन बाईजाचा आरसा मागून घेतला. गाल साफ. कपाळ साफ.

आये, तुझ्या फोडणीनं काय झालं नव्हतं गो.