अडकलेली पातेली

प्रिय चैताली,

सप्रेम जयभीम.

माझ्या अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर हातात पाटी राहिली नाही, आणि आता डोळेही साथ देत नाहीत. फोन सोडून आबा पत्र का लिहितो, असं वाटेल तुला. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून सगळं बरं आहे एवढंच निघतं. गल्लीतला सोमनाथ उद्या पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर हे देतोय.

इकडे नाशिक रोडला ऊन फार आहे. शेजारच्या लंकाबाई तुझ्या आजीला भाकरी करून देतात आणि जाताना टोमणा मारतात, की नात कंप्युटरवाली झाली, पण आबाला अजून बटण दाबता येत नाही. मी हसतो. पण पोरी, मला त्या बटणाचीच भीती बसलीय. दवाखान्यानं आजीच्या डायलिसिसचा नंबर तुमच्या वेबसाइटवर लावायला सांगितलं, तेव्हापासून. आम्ही सगळे दवाखान्याच्या बाकावर बसूनच नंबर लावतो, तिथं रेंज बरी असते. सकाळी साइट उघडते, जरा वेळ चालते, मग नुसतं चाक फिरत राहतं. लोक साइट करणाऱ्याला शिव्या देतात. माझ्या नातीनं केलीय, हे मी सांगत नाही. आधी साऱ्या बाकाला सांगणार होतो.

भीमजयंतीला आलीस तेव्हा विहाराच्या पायरीवर बसून तू मला समजावलं होतंस. सगळी माहिती एका डेटाबेसमध्ये, आणि त्याच्याशी बोलायला मोजकीच कनेक्शनं, आधीच उघडून मांडून ठेवलेली. येणाऱ्यानं एक घ्यायचं, काम झालं की जागेवर ठेवायचं, मग पुढच्यानं घ्यायचं. मी म्हटलं, ही तर आपली विहाराची पातेली. लग्न असो की मयतानंतरचा जलदानविधी, न्यायची आणि घासून परत आणायची. मीच सांभाळायचो ना ती. मग आणखी पातेली घ्या, असंही मी म्हटलं. तू म्हणालीस, आबा, चूल एकच आहे, सगळी तिच्यावर चढवली तर चूलच बसेल.

वस्तीतल्या गेणूच्या लग्नाची गोष्ट तुला सांगायची राहिली. त्यांचा भात करपला. घाईघाईत हॉटेलातून जेवण मागवलं, करपलेली पातेली खोलीत कोंडली, कुलूप घातलं आणि वरात घेऊन मालेगावला गेले. इकडे एका घरी जलदानविधी, आणि विहारात एक भांडं नाही. माणसं ताटकळली. काम नीट झालं की माणूस भांडं आणून देतो. बिघडलं की भांड्याची आठवणच राहत नाही.

परवा फोनवर तू आजीला सांगत होतीस, की पुण्यात सगळं तपासलं, घेतलेलं प्रत्येक कनेक्शन परत येतं, मग अडकवतं कोण ते सापडत नाही. तुझा आवाज अगदी बारीक झाला होता.

चैताली, तपासताना तू मोबाइलवर आलेला ओटीपी बरोबर टाकून बघत असशील. मी चुकीचा टाकतो. मला तीनचा आठ दिसतो. लाल अक्षरं आली की घाबरून पुन्हा दाबतो, पुन्हा चुकतो. माझ्यासारखे म्हातारे बाकावर पुष्कळ आहेत. थोड्या वेळानं सगळ्यांचंच चाक फिरायला लागतं. चुकलेल्याचं कनेक्शन परत जात नसेल का गं? मला त्यातलं कळत नाही. चूक असेल तर सोडून दे, पण आधी तेवढं बघ. कारण गुरुवारी आजीचा नंबर लागलाच नाही. डायलिसिस झालं असं तुला सांगितलं, ते खोटं. तिचे पाय सुजलेत, उशीला टेकून बसल्या बसल्या झोपते. दवाखान्याच्या खिडकीवर म्हणतात, नंबर साइटवरच लावा, फार झालं तर तातडीनं आणा. फार म्हणजे किती, हे मला कळत नाही, मी नुसता तिचा श्वास ऐकत बसतो. ती मला म्हणाली, “पोरीला सांगाल तर माझी शपथ आहे. ती स्वतःला खात बसेल.” शपथ मोडली मी. तिचं नाव तूच आतून पुढं घाल, असं लिहिणार होतो. नाही लिहीत. पातेली माझ्या ताब्यात होती तेव्हा घरच्या कार्यालाही मी रांग मोडली नाही. परवा सकाळी पुन्हा बाकावर बसेन. चष्मा पुसून, सावकाश दाबेन. पण तीनचा आठ दिसायचाच गं. मी चुकलो तरी पातेलं परत जाईल, एवढं कर.

तुझाच,
बाकावरचा आबा