कॅमेऱ्याच्या पाठची भिंत

१४ नोव्हेंबर
नॉर्वेच्या पार उत्तरेला, ट्रॉम्सोत आलो एकदाचे! घर लहानच, पण गोड: बैठक आणि तिला लागून लेकीची, सुन्निवाची खोली. नाताळला अवकाश असताना तिने खिडकीत कागदी तारा टांगलासुद्धा. कामही मनाजोगं मिळालंय. अजून न बांधलेल्या घरांची चित्रं संगणकावर करायची आणि खोलीत ऊन असं पाडायचं, की गिऱ्हाईकाने खुर्ची ओढून त्यात बसावं.

मालक हाल्वार्द तिरसट आहे. त्याच्याकडे चित्रात कुठे खोटा दिवा लपवायचा नाही. सूर्य आणि आकाश, एवढंच भांडवल. नव्या माणसाने आधी स्वतःचं घर करून दाखवायचं. मला हसू आलं, तर म्हणाला, "परक्या घरात तू मला फसवशील. स्वतःच्या घराचा उजेड खोटा पडला, तर तुलाच झोप लागायची नाही."

२८ नोव्हेंबर
सूर्य गेला, तो आता जानेवारीतच उगवायचा. तो परतला की इथे सगळं गाव जॅम भरलेले गोल बन खातं. सुन्निवाने आपल्या वाट्याचे आत्ताच सांगून ठेवलेत.

माझी बैठक मात्र चित्रात काही केल्या उजळेना. एकच खिडकी, कोपरे काळेठिक्कर. शेवटी धंद्यातली जुनी लबाडी केली: चित्र ज्यातून दिसतं त्या संगणकातल्या कॅमेऱ्याच्या पाठची भिंतच काढून टाकली. ती चित्रात दिसत नाही, आणि आकाश मागून भरभरून आत येतं. सुन्निवाच्या खोलीचं दार त्याच भिंतीत आहे. तिची खोली मी बांधलीच नव्हती. दिसत नाही ते बांधायचं कशाला? हाल्वार्दला चित्र पसंत पडलं.

२ डिसेंबर
न्याहारी करताना सुन्निवा म्हणाली, "आई, माझ्या खोलीत ऊन येतं."

बाहेर मिट्ट काळोख. मी हसण्यावारी नेलं. मग जाऊन पाहिलं, तर तिच्या पलंगावर खरंच ऊन होतं. खिडकीतून नव्हे, बैठकीच्या भिंतीतून येत होतं.

५ डिसेंबर
तिचे केस कडांना पांढरे पडलेत, उजेड जास्त झालेल्या चित्रासारखे. त्या उन्हात हात धरला की तिची बोटं दिसेनाशी होतात. दुखत नाही म्हणते. माझ्याजवळ निजवलं, तर ऊन तिच्या मागोमाग तिथेही आलं. मला फार भीती वाटतेय.

हाल्वार्दला सगळं सांगितलं. तो रागावला नाही, हेच वाईट. एवढंच विचारलं, "त्या भिंतीपलीकडे कोण झोपतं?" मग म्हणाला, जशी होती तशी परत घाल. तुझ्या हाताने.

६ डिसेंबर
चित्रात भिंत परत घातली. घाईघाईत घातली. ऊन विझलं. रडूच आलं मला.

सुन्निवा बाहुली आणायला तिच्या खोलीत गेली होती. आतून हाक आली, आई, काळोख झाला. मी उठले, वळले—

दार नाही.

दार करायला विसरले मी. नुसती सपाट भिंत. पलीकडून ती ठोकतेय.

चित्रातल्या भिंतीत दार पाडतेय. इकडे वॉलपेपरवर चौकट उमटतेय— उमटली. थांब, बाळा—

ठोकणं थांबलं.

दार उघडलं. पलीकडे काळोखसुद्धा नाही. जमीन नाही. पलंग नाही. ती खोली मी बांधलीच न—