ओडमबाईंचं भांडं

प्रिय आयडेलताई,

इथे मेन राज्यात मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तुझा गुडघा काय म्हणतो?

ज्यांची मी टायपिस्ट आहे, ते प्रुएटसाहेब मोठे कादंबरीकार. पहिल्या कादंबरीत त्यांनी वडिलांची गिरणी जाळली. दुसरीत सख्ख्या भावाला वेडा ठरवून बक्षीस मिळवलं. तिसरी छापून आली आणि बायको घर सोडून गेली.

चौथीत एक विधवा आहे. नवऱ्याच्या मयताला शेजारणीने जेवण आणलेलं भांडं ती परत करत नाही. बुडाला चिकटवलेली नावाची पट्टी खरवडून काढते आणि त्यातच मक्याचा पाव भाजते. हे तू मला पत्रात लिहिलं होतंस, आणि तुझी पत्रं माझ्या टाइपरायटरच्या टेबलाच्या खणात असतात.

मी सहज विचारलं, "साहेब, हे सुचतं कुठून?"

"कान उघडे ठेवायचे, वर्ना."

कान म्हणे. मग मी खणात मुद्दाम तुला म्हणून एक खोटं पत्र लिहून ठेवलं, की आईच्या शवपेटीत मी गुपचूप तिचा पत्त्यांचा कॅट ठेवला. आज सकाळी तेच कादंबरीच्या पानावर टाइप करायला आलं. टाइप करताना मला रडू फुटलं. हे मीच रचलंय, हे आठवायलाही वेळ लागला.

आता तुझी पत्रं मी उशीच्या अभ्र्यात ठेवते. पण ती विधवा काही साहेब पुस्तकातून काढणार नाहीत. ताई, पुस्तक गावात पोचायच्या आत शेजारच्या ओडमबाईंचं भांडं परत देऊन ये.

तुझी धाकटी,
वर्ना