रेगेन्सबर्गला शिडं उभारणार कुठे?

अहो,

उद्या सकाळी एक गृहस्थ बोट बघायला येणार आहेत, म्हणून आज लिहायला बसले. मी आणि आपली सई कोलोनच्या धक्क्याला लागलोय. त्यांना आवडली तर बोट इथेच विकायची, नाहीतर रेगेन्सबर्गला घरी न्यायची. कुणाला विचारू? बोट तुमची, हौस तुमची आणि निर्णय माझ्या गळ्यात!

मला अजून कळलेलं नाही, तुम्हाला ही शिडाची बोट हवी कशाला होती? रिटायर झाल्यावर लोक बागेत टोमॅटो लावतात. तुम्ही हॅम्बर्गला जाऊन बोट घेतलीत आणि म्हणालात, "नद्या-कालव्यांतून आणू की घरी!" आणि आणायच्या आधीच गेलात. हे काय वागणं झालं?

बरं, आणून करणार काय होतात? पुलांखालून जायचं म्हणून डोलकाठी उतरवून डेकवर आडवी बांधलीय. चहा करायला आत जाताना रोज माझं डोकं आपटतं. शिडं पिशवीत, आणि हॅम्बर्गपासून नुसतं इंजिन फटफटतंय. आपल्याकडच्या डॅन्यूबवर तरी पूल आणि मालवाहू जहाजंच ना? सईला विचारलं, तर खांदे उडवून म्हणाली, "काइनं आनुंग, आई." म्हणजे काही कल्पना नाही. तिला बोट चालवायला शिकवलंत, पण कशासाठी ते तिलाही सांगितलं नाहीत.

मागच्या आठवड्यात तर मी कहर केला. ऱ्हाइनला लागण्याआधी एका श्लॉइझमध्ये, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोटी वर-खाली करणाऱ्या दरवाजांच्या हौदात, शिरलो. सईनं भिंतीवरच्या खुंट्याला अडकवलेला दोर माझ्या हातात दिला आणि ओरडली, "नुअर हाल्टन!" म्हणजे नुसता धर. पाणी उतरेल तसा तो सैल सोडायचा, हे तिनं दहादा सांगितलं होतं. पण हातातून सुटला तर? भारतात जाताना बॅगांना सुतळी आवळायचे ना, तशा मी घट्ट गाठी मारून टाकल्या.

दोन दरवाजांमधलं पाणी खाली गेलं आणि बोट एका बाजूनं दोराला लटकली! कपबशा घसरल्या, भोंग्यातून कुणीतरी खेकसायला लागलं, आणि मी मागे वळून किंचाळले, "अहो, बघा ना!"

मागे तुम्ही नव्हतात. सई होती. तिनं भाजीच्या सुरीनं दोर कापला, बोट धपकन पाण्यावर बसली, आणि ती म्हणाली, "मी आहे ना, आई." चक्क मराठीत! मी मराठीत विचारायचं आणि तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, हे आपल्या घरात कधी चुकलं होतं का? मग शेजारच्या बोटीवरची माणसं बघत असतानाच आम्ही दोघी रडलो. तुम्ही गेल्यापासून एकत्र अशा रडलोच नव्हतो.

तेव्हापासून संध्याकाळी ती मोडक्यातोडक्या मराठीत तुमच्याबद्दल काहीबाही विचारते. बाबा लग्नाआधी कसे होते, रागवायचे का. घरी आपापल्या खोल्यांत असायचो आम्ही. यासाठी घेतली होतीत का बोट? छे, इतका लांबचा विचार तुम्ही कुठला करताय! मग कशासाठी? डोकं चालत नाही माझं.

एक शब्द मात्र देते. उद्या त्या गृहस्थांना मी नाही म्हणून सांगेन. का, असं विचारलं तर नीट सांगता येणार नाही. घरी नेऊन बोटीचं काय करायचं, तेही ठाऊक नाही. पण रेगेन्सबर्गपर्यंत अजून बरंच पाणी आहे आणि ते मला सईबरोबर हवंय.

तुमची,
सुनंदा